मोतीदाण्याची भरड

“डॉक्टर, म्हातारपणी माणसाचे दात लांब होतात का हो?”

विचारलं एकदाचं! मागे सुहासिनीने तोंडात पदर कोंबला तो मला न बघताही कळला. पैजच तशी होती. “पमे, पाळंदे सर उभे असताना हे विचारून दाखव, माझ्या डब्यातला नारळाचा लाडू तुझा,” असं ती म्हणाली होती. आणि गोदा, जी खाडीकाठच्या गावातून रोज चालत शाळेत येते, ती म्हणाली होती, “ही कसली इचारतंय! हिचं तोंड फकस्त जत्रंत चालतं.”

असं कुणी म्हटलं की संपलंच. मग मला राहवत नाही.

पाळंदे सर आम्हांला संस्कृत शिकवतात. त्यांचे पुढचे दात इतके लांब आहेत, की सर वर्गात यायच्या आधी दात येतात, असं आम्ही म्हणतो. (मागच्या बाकांवर म्हणतो. पुढच्या बाकांवर नाही.) त्या दिवशी ठाण्याहून दातांचे डॉक्टर, टिपणीस डॉक्टर, आमच्या शाळेतल्या मुलामुलींचे दात तपासायला आले होते, आणि सर त्यांच्या खुर्चीमागेच उभे होते.

डॉक्टर हसले नाहीत की रागावले नाहीत. म्हणाले, “दात होता तेवढाच राहतो. हिरडी मागे सरकते. तू डोंबिवलीची ना? खाडीला ओहोटी लागली की धक्क्याचे खांब उंच झाल्यासारखे दिसतात की नाही? खांब वाढले का? नाही. पाणी उतरलं. फरक एवढाच, खाडीला पुन्हा भरती येते. हिरडीला येत नाही.”

पाळंदे सरांनी हळूच ओठ मिटून घेतले. मला एकदम त्यांचं वाईट वाटलं, पण लाडू जिंकल्याचा आनंद त्याहून मोठा होता.

“प्रश्न चांगला होता,” डॉक्टर म्हणाले. “आता बस. तुझेच दात बघू.”

मी ऐटीत बसले. ऐटीत म्हणजे कशी, ते सांगायला हवं. आमचं घरचं दंतमंजन आहे, ‘मोतीदाणा’. भाऊंनी, म्हणजे माझ्या वडलांनी, नोकरी गेल्यावर ते सुरू केलं. खाडीच्या शिंपल्या भाजायच्या, कुटायच्या, त्यात मीठ, तुरटी, लवंग, कापूर आणि रंगाला थोडा गेरू. कुटणं-चाळणं मागच्या पडवीत भाऊ आणि आई करतात. डबे भरणं आणि लेबलं चिकटवणं माझ्याकडे आणि माझ्या धाकट्या बहिणीकडे, सुमेधाकडे. लेबलावर बत्तीशी दाखवून हसणारी एक मुलगी आहे. ती मी. कल्याणच्या एका पेंटरने मला समोर बसवून काढली आहे. त्यामुळे डोंबिवलीत मला नावाने ओळखणारे थोडे आणि दातांनी ओळखणारे फार.

दर महाशिवरात्रीला अंबरनाथच्या जत्रेत आमचं दुकान असतं. मी लाकडी बाकावर उभी राहते आणि ओरडते, “या, बघा, हसा! मोतीदाणा दंतमंजन! अस्सल वस्त्रगाळ! आठ दिवसांत दातांचे मोती! रक्त आलं तर भिऊ नका, नासकं रक्त आहे, जाऊ द्या, आणखी चोळा!” मग हसून दाखवते. लोक खरोखर जमतात हो!  त्या बाकावर चढायच्या आधी मी अशी होते, की पाहुणे आले की कोठीच्या खोलीत जाऊन बसायची. त्या बाकाने मला बोलायला शिकवलं. यंदा कल्याणला वक्तृत्वात पहिला नंबर आला, तेव्हा सगळ्यांनी माझं कौतुक केलं आणि मी मनात त्या बाकाचं केलं.

तर मी ऐटीत ‘आ’ केला.

डॉक्टरांनी पुष्कळ वेळ बघितलं. मग विचारलं, “वय काय तुझं?”

“पंधरा.”

“काय लावतेस दातांना?”

“मोतीदाणा दंतमंजन! अस्सल वस्त्रगाळ!” मी बाकावरच्याच आवाजात म्हटलं. सगळा वर्ग हसला. डॉक्टरांनी माझ्या हातात एक छोटा आरसा दिला.

“खालचा ओठ ओढून बघ.”

बघितलं. खालच्या पुढच्या दोन दातांपाशी हिरडी कोरल्यासारखी खाली गेली होती, आणि तिथे दात पांढरा नव्हता. जुन्या हस्तिदंती फणीसारखा पिवळट होता. हसताना खालचा ओठ तिथवर उतरत नाही, म्हणून लेबलावर ते आलेलं नाही.

“ते दाताचं मूळ. ते झाकलेलं असायला हवं. माठातलं पाणी झोंबतं का?”

मी नाही म्हणणार होते. पण दिवाळीपासून मी मान तिरकी करून एका बाजूनेच पाणी पिते. मला वाटत होतं, ही माझी लकब आहे.

“मंजन रवाळ असणार,” डॉक्टर म्हणाले. “आणि तू आडवं घासतेस, जोर लावून. तांब्याचा हंडा चिंचेने घासावा तसं. हिरडी म्हणजे हंडा नव्हे. कुणाची मिशरीने जाते, कुणाची दातांवर किटण साचून सुजते आणि मग सोडून जाते. तुझ्या दातांवर किटण नाही, स्वच्छ आहेत. तुझी निव्वळ घासून गेली आहे.”

“पण डॉक्टर, रक्त येतं ते नासकं असतं ना? ते जायलाच हवं.”

“कुणी सांगितलं?”

सांगत तर मीच होते, बाकावरून.

“चांगलं रक्त असतं ते. तुझंच. हिरडीला दुखतंय म्हणून येतं. आणि लोक काय करतात, रक्त आलं की आणखी चोळतात.” त्यांनी आरसा परत घेतला. “गेली ती येत नाही. आहे ती राखायची. आजपासून ते मंजन बंद. मऊ ब्रश मिळाला तर उत्तम, नाही तर बोटाने, हलक्या हाताने. कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरायची. घरी मंजन वापरणारच असाल तर चिमटीत चोळून बघायचं. पिठासारखं लागलं तर ठीक. वाळूसारखं लागलं तर टाकून द्यायचं. आणि आईवडलांना घेऊन ठाण्याला माझ्याकडे ये. काय?”

“हो,” मी म्हटलं. लाडू घ्यायचा मी विसरले.

शाळा सुटल्यावर गोदा माझ्याबरोबर फाट्यापर्यंत आली. नेहमी ती चिडवते, त्या दिवशी चिडवत नव्हती. शेवटी म्हणाली, “पमे, आमची आजी, ठमाबाई, तिनं मागल्या शिवरातीला तुजा डबा घेतला. रगत येतं म्हणून दोनदा घासतंय. तू सांगितलं व्हतंस ना, आणखी चोळा.”

“भाऊंना माहीत नसेल गं,” मी म्हटलं. “चाळण फाटली असेल. मी आज सांगते. भाऊ लगेच बदलतील बघ! आजीला म्हणावं, आजपासून बंद.”

“तुजा बापूस ऐकंल?”

“म्हणजे काय! माझं नाही ऐकणार तर कुणाचं?”

मी जवळजवळ पळतच घरी आले. वाटेत मी नवी जाहिरातसुद्धा तयार केली होती. ‘हिरडीला जपणारं मोतीदाणा!’ बाकावर उभी राहून मी ते कसं म्हणेन, कुठे थांबेन, कुठे आवाज चढवेन, सगळं ठरलं होतं. दप्तर फेकलं आणि थेट स्वयंपाकघरात.

आई वाल सोलत होती. मी एका दमात सगळं सांगितलं. ओहोटी, खांब, पाळंदे सर, आरसा. “आणि आई, घासायची पण रीत असते! आपण सगळे चुकीचं घासतो. डॉक्टरांनी मला कोपऱ्यात नेऊन बोटाने करून दाखवलं. म्हणाले, आडवं कधी...”

“आडवं कधी नाही,” आई म्हणाली. मान खाली, बोटं वालात. “हिरडीकडून दाताकडे. वर वरून खाली, खाली खालून वर.”

अगदी तेच शब्द. त्याच क्रमाने.

मी बोलायची थांबले. आईची बोटंही थांबली. एक वाल सालीतून निसटून परातीत पडला, त्याचा आवाज झाला.

“तुला कसं माहीत?”

“ऐकलेलं कुठेतरी.”

“कुठे?”

आईने परात बाजूला केली. “तुला आठवतं, मी ठाण्याला वन्संकडे हळदीकुंकवाला गेले होते? तू सातवीत होतीस.”

“हो. माझ्यासाठी पेढे आणलेस.”

“टिपणीस डॉक्टरांकडे गेले होते. माझ्या हिरड्या...” आईने तोंडावर पदर धरला. हसताना, बोलताना आई नेहमी तोंडावर पदर धरते. मला ती तिची मर्यादा वाटायची. मी मैत्रिणींना सांगायची, आमची आई किती शालीन आहे.

“मग तू मंजन बंद केलंस?”

 आईने एकदाच, क्षणभर, देवळीकडे बघितलं. देवळीत वरच्या खणात एक पितळी डबी असते. भाऊंच्या पित्तावरचं चूर्ण, आम्ही मुलींनी हात लावायचा नाही, असं लहानपणापासून ठरलेलं.

मी पाटावर चढून ती काढली. आई “पमे” म्हणाली, पण उठली नाही.

आत पांढरं मंजन होतं. लवंग-कापराचा वास आमचाच. गेरू तेवढा नव्हता. मी चिमटीत घेऊन चोळलं. मऊ! गालाला लावायच्या पावडरीसारखं मऊ. मग मोरीवरचा आमचा डबा आणला, माझा आणि सुमीचा, ज्यावर मी हसते आहे. त्यातली चिमूट चोळली. करकर आवाज आला. खाडीची वाळू.

वस्त्रगाळ म्हणजे मलमलीच्या दुहेरी फडक्यातून गाळलेलं, हे मला माहीत होतं. फडक्यावर उरते ती भरड. ती पुन्हा कुटायची असते. निदान मला तसं वाटत होतं.

रोज सकाळी मोरीपाशी आई माझ्या तळहातावर चिमूटभर मंजन ठेवते. स्वतःच्या हाताने. मी लहान होते तेव्हापासूनची सवय. मी हात पुढे करते, ती ठेवते, आणि म्हणते, “नीट घास हं, बाई.” ठाण्याहून आल्यावरही तिने रोज ठेवलं. मूठ मिटून मी मोरीत वळायची आणि ती मागे उभी असायची.

भाऊ आले तेव्हा मी दोन्ही डबे समोर घेऊन बसले होते. त्यांनी बघितलं. टोपी खुंटीला लावली. पाय धुतले. मग पाटावर बसले.

“कुणी सांगितलं हिला?” त्यांनी आईला विचारलं.

“मी इथेच आहे, भाऊ,” मी म्हटलं. “मला विचारा.”

“आवाज खाली.”

“तुम्हीच शिकवलात ना आवाज चढवायला?”

आई म्हणाली, “पमे!” भाऊंनी हाताने तिला थांबवलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते समजावणीच्या सुरात बोलले, गिऱ्हाइकाशी बोलतात तसे.

“हे बघ. वस्त्रगाळाने दात चकाकायला महिने लागतात. कुणी थांबत नाही तेवढं. भरडीने आठ दिवसांत फरक दिसतो. फरक दिसला की माणूस पुन्हा येतो. धंदा आहे हा. मी काही विष विकत नाही. शिंपल्याच आहेत.”

“डब्यावर वस्त्रगाळ लिहिलंय.”

“सगळेच लिहितात.”

“आणि मला? मी काय गिऱ्हाईक होते?”

 भाऊंनी डबी उचलली, झाकण लावलं, पुन्हा काढलं.

“तुझे दात दिसायला हवे होते, पमे. तुझ्याकडे बघून लोक घेतात. डॉक्टर आईला म्हणाले ते मी ऐकलं होतं. पण आई चाळिशीची, तुझं वय कोवळं. वाटलं, सोसतील.”

म्हणजे मोजलं होतं. भाऊंनी मनात तराजू धरून एका पारड्यात जत्रा आणि दुसऱ्यात माझी हिरडी ठेवून मोजलं होतं. मला वाटत होतं, बाकावर मी बोलते म्हणून लोक थांबतात. माझ्या आवाजाला, माझ्या शब्दांना. कल्याणला परीक्षकांनी शाबासकी दिली तेव्हा भाऊंचे डोळे भरले होते. ते तेव्हा कशाकडे बघत होते, माझ्याकडे की माझ्या दातांकडे?

मी आईकडे वळले. “तू तरी सांगायचंस.”

“त्यांना म्हटलं होतं मी,” आई म्हणाली. पदराआडून शब्द नीट येत नव्हते. “एकदा म्हटलं होतं. पण तू त्या वर्षी बाकावर इतकी छान बोललीस. कोठीतून बाहेर न येणारी मुलगी तू. इतकी खुललीस. मला वाटलं, आता कुठे हिचं तोंड उघडलंय. हिरडीचं काय, कुणाला दिसते?”

“तुझी दिसत नाही, कारण तू पदर धरतेस! मीही धरू का आता? मी आणि माझं वक्तृत्व, पदराआडून?”

यावर आई रडायला लागली. तिला जवळ घ्यावं असं मला वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हे मी जसंच्या तसं लिहिते आहे.

भाऊंनी घसा खाकरला. “बरं, झालं ते झालं. उद्यापासून तू या डबीतलं वापर. ठाण्यालाही जाऊ. आणि जत्रेचं तुझ्या मनात नसेल तर राहू दे यंदा. तुझा अभ्यासही आहे. सुमी उभी राहील.”

मला आधी कळलंच नाही.

“सुमी?”

“आठ वर्षांची झाली. पुढचे नवे दात सगळे आलेत, छान आलेत. लहान मूल बाकावर दिसलं की लोक उलट जास्त थांबतात.”

सुमी दारातच होती. सागरगोटे खेळून आली होती, गुडघे मातीने माखलेले. स्वतःचं नाव ऐकताच ती धावत आली, पाटावर चढली, कमरेवर हात ठेवले, अगदी माझ्यासारखे, आणि ओरडली, “या, बघा, हसा! आठ दिवसांत दातांचे मोती! रक्त आलं तर भिऊ नका...”

“हे तुला कुणी शिकवलं?” मी विचारलं.

“भाऊंनी! संक्रांतीपासून. पडवीत. आईने ऐकून घेतलं, मी चुकत नाही आता. तुला गंमत म्हणून सांगायचं नव्हतं, ताई.” आणि ती हसली. दात बघितले मी तिचे. कडांना अजून कंगोरे असलेले, नवे कोरे. मग तिचा खालचा ओठ ओढून बघितला, तर दोन दातांपाशी हिरडी लाल, सुजल्यासारखी. मोरीवरचा डबा माझा आणि सुमीचा. दोघींचा एकच.

संक्रांतीपासून. म्हणजे मला आज कळायच्या कितीतरी आधी. म्हणजे माझे दात आता फार दिवस चालणार नाहीत, हे दोघांना ठाऊक होतं आणि पुढची सोय लावून ठेवलेली होती. मी आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे बघितलं नाही, सुमीकडेही नाही. तिने वालाची परात पुढे ओढली.

मी मोरीवरचा डबा उचलला. मागचं दार उघडून सगळं मंजन फणसाच्या बुंध्याशी ओतलं. भाऊ “अगं, अगं” करत उठले. डब्यावरची मुलगी हसतच होती. मी आत आले, सुमीला पाटावरून खाली उतरवलं, तिच्या तळहातावर पितळी डबीतली चिमूट ठेवली आणि तिला म्हटलं, “हलक्या हाताने. हिरडीकडून दाताकडे. जा, चूळ भरून ये. मीठ घे.” ती गोंधळून आईकडे बघत गेली.

आणि मग मी त्याच पाटावर चढले. मुद्दाम.  आवाज चढला, तो भाऊंनीच शिकवला होता.

“अंबरनाथला बाकावर मीच उभी राहणार, भाऊ. सुमी नाही. सुमी कधीच नाही. मी ‘या, बघा’ म्हणणार, माणसं जमवणार, आणि जमली की खालचा ओठ ओढून हिरडी दाखवणार. गोदाच्या आजीलाही बोलावणार आहे मी. तुम्ही डब्यांत वस्त्रगाळ भरलंत तर सांगेन, हे भरडीने झालं, आता आमच्याकडे भरड नाही. भरड भरलीत तर सांगेन, याच डब्याने झालं. डब्यात काय भरायचं ते तुम्ही आणि आई ठरवा. मी काय बोलायचं ते माझं ठरलंय.”